‘ठेवणे’ आणि ‘राहणे’ : प्रौढ अपंगांची निवासी शुश्रूषा आणि तिची भाषा

१

प्रौढ वयातील बौद्धिक व शारीरिक अपंगांच्या निवासी संस्था हा विषय सामान्यतः समाजकार्य, वैद्यक किंवा कायदा यांच्या कक्षेतला मानला जातो. भारतीय भाषा आणि साहित्ये यांच्या अभ्यासाला वाहिलेल्या नियतकालिकात त्याचा विचार का व्हावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर प्रथमच देणे इष्ट ठरेल.

अपंग अपत्य असलेल्या घरात, आईवडिलांचे वय उताराला लागले म्हणजे, एक प्रश्न उघडपणे अथवा मुक्याने वावरू लागतो : आमच्यानंतर याचे काय? पूर्वी त्याला एकत्र कुटुंबाचे उत्तर होते, निदान तसे समजण्याची सोय होती. आज अनेक घरांत ते उत्तर उरलेले नाही आणि निवासी संस्थेचा विचार अटळ होतो. पालक संस्था पाहावयास जातात. त्यांना फरशी पुसलेली दिसते, खाटांवरच्या चादरी धुतलेल्या दिसतात, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येतो. हे सर्व महत्त्वाचे आहे. परंतु ते एका दिवसाचे दर्शन असते. वर्षाच्या उरलेल्या दिवसांविषयी त्यांना काही ‘सांगितले’ जाते : माहितीपत्रकातून, वार्षिक अहवालातून, दिनक्रमाच्या फलकावरून, व्यवस्थापकांच्या बोलण्यातून. म्हणजे शुश्रूषेचा दर्जा बाहेरच्या माणसापर्यंत पोहोचतो तो बहुतांशी कथनाच्या रूपाने. आणि कथन आले की कथक कोण, कर्ता कोण, कोणाचे बोलणे गाळले गेले, हे प्रश्न आले. ते विचारण्याची सवय साहित्याच्या अभ्यासकाला असते. या सवयीचा उपयोग जेथे माणसांचे उभे आयुष्य पणाला लागलेले आहे अशा ठिकाणी का करू नये?

प्रस्तुत निबंधातील प्रतिपादन थोडक्यात असे : निवासी संस्थेच्या दर्जाची एक विश्वसनीय खूण तिच्या भाषेच्या व्याकरणात सापडते. संस्थेविषयीच्या वाक्यांत रहिवासी हा कर्ता म्हणून येतो की केवळ कर्म म्हणून, हे पाहिले असता तेथील जीवनाविषयी बरेच काही कळते. ही एकमेव खूण नव्हे. पण ती सहसा लपवता येत नाही.

२

प्रथम काही शब्द पाहू. मराठीत ‘त्याला संस्थेत ठेवले आहे’ असे आपण सहज म्हणतो. तोच माणूस स्वतःच्या घरी असता तर ‘तो तेथे राहतो’ असे म्हटले असते. ‘ठेवणे’ या क्रियापदाचे मराठीतील संसार पाहावेत : भांडी फळीवर ठेवतात, दागिने गहाण ठेवतात, पैसे पेढीत ठेवतात आणि त्या पैशांना ‘ठेव’ म्हणतात. ठेवलेली वस्तू सुरक्षित असावी, हीच काय ती अपेक्षा असते. ‘राहणे’ हे मात्र माणसाचे क्रियापद आहे. त्यात शेजार आहे, ये-जा आहे, कंटाळा आहे, घर बदलण्याची शक्यता आहे. ‘रहिवासी’ हा जुना, साधा शब्द याच क्रियापदातून आला. संस्थांच्या कागदपत्रांत मात्र तो क्वचितच भेटतो. त्याच्या जागी ‘लाभार्थी’, ‘प्रवेशित’, ‘आश्रित’ किंवा ‘रुग्ण’ असे शब्द असतात. यांपैकी प्रत्येक शब्द त्या माणसाचे देणाऱ्याशी असलेले नाते सांगतो. त्याच्या जगण्याविषयी काहीच सांगत नाही.

दुसरे उदाहरण ‘संगोपन’ या शब्दाचे. हा शब्द मराठीत मुख्यतः दोन समासांत स्थिरावला आहे : बालसंगोपन आणि पशुसंगोपन. चाळीस वर्षांच्या मनुष्याच्या संदर्भात तो वापरला की त्याचे वय आपोआप पुसले जाते. याच्या उलट ‘शुश्रूषा’ हा शब्द पाहावा. तो बंगाली, हिंदी, कन्नड, मलयाळम अशा अनेक भारतीय भाषांत थोड्याफार अर्थभेदाने नांदतो. ‘श्रु’ या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो सिद्ध झाला असून त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. सेवेचा अर्थ त्यातून पुढे विकसित झाला. मूळ संदर्भ शिष्याने गुरूचे ऐकण्याचा होता, हे खरे. तरीही सेवा करणारा हा प्रथम ऐकणारा असला पाहिजे, ही जाणीव आपल्या भाषांनी या शब्दात जपून ठेवली आहे आणि आपण ती जवळजवळ विसरलो आहोत. निबंधाच्या शीर्षकात ‘संगोपन’ न घेता ‘शुश्रूषा’ घेतला आहे तो याच कारणाने.

तिसरा मुद्दा संबोधनाचा. बौद्धिक अपंगांच्या संस्थांमध्ये रहिवाशांना, त्यांचे वय काहीही असो, ‘मुले’ म्हणण्याचा प्रघात दिसतो. त्यामागे बहुधा माया असते. परंतु मराठीतील नातेवाचक संबोधने वयाच्या उतरंडीवर उभी आहेत. पन्नाशीचा रहिवासी पंचविशीतल्या सेविकेला ‘ताई’ किंवा ‘मावशी’ म्हणतो आणि ती त्याला एकेरीत, नुसत्या नावाने किंवा ‘बाळा’ म्हणून हाक मारते, तेव्हा वयाचा नैसर्गिक क्रम उलटा होतो. जो मूल आहे त्याला मूल होण्याचे सुख तरी मिते काळ असते. जो कायमचा मूल ठरला, त्याला पगार, मैत्री, प्रेम, मतदान, दुःखाची बातमी कळण्याचा हक्क, यांपैकी कशाचीच गरज नाही असे गृहीत धरले जाते. वडील वारल्याचे मुलाला सांगू नये, असे ठरवणाऱ्या घरात आणि संस्थेत हेच गृहीतक काम करीत असते.

अपंगत्वाच्या नावांचा इतिहास वेगळा आहे. ‘मतिमंद’ हा शब्द मागे पडून ‘बौद्धिक अक्षमता’ आला; २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी सुचविलेला ‘दिव्यांग’ हा शब्द पुढे सरकारी व्यवहारात रूढ झाला आणि अपंगांच्या काही संघटनांनी त्यावर आक्षेपही घेतला. या वादाचे महत्त्व नाकारता येत नाही. तथापि नामे बदलणे तुलनेने सोपे असते. क्रियापदे बदलणे कठीण असते, कारण ती बदलण्यासाठी दिवसाचा क्रम बदलावा लागतो.

३

मराठी व्याकरणात ज्यांना प्रयोजक क्रियापदे म्हणतात त्यांचा येथे निकटचा संबंध येतो. जेवणे–जेववणे, पिणे–पाजणे, उठणे–उठवणे, निजणे–निजवणे, नेसणे–नेसवणे, बसणे–बसवणे. आंघोळ ‘करणे’ आणि आंघोळ ‘घालणे’ ही जोडी रूपाने वेगळी असली तरी अर्थाने याच वर्गातली. पहिल्या क्रियापदाचा कर्ता स्वतः क्रिया करतो. दुसऱ्यात कोणी एक दुसऱ्याकडून ती करवितो. पाणिनीने कर्त्याचे लक्षण ‘स्वतंत्र’ या एका शब्दाने सांगितले आहे. त्याच प्रकरणातील दुसऱ्या एका सूत्राप्रमाणे गमन, ज्ञान, भोजन इत्यादी अर्थांच्या धातूंचा मूळ कर्ता प्रयोजक रूपात कर्मसंज्ञा पावतो. जेवणारा कर्ता असतो. जेवविला जाणारा कर्म होतो. जाणारा कर्ता असतो. नेला जाणारा कर्म होतो. प्राचीन वैयाकरणांपुढे निवासी संस्था नव्हत्या, हे सांगावयास नको. परंतु संस्थेत प्रवेश करताना माणसाचे नेमके काय होते हे इतक्या नेमकेपणाने सांगणारे दुसरे परिभाषिक साधन सापडणे अवघड आहे.

आता कोणत्याही संस्थेचा दिनक्रम घ्यावा. सहाला उठवणे, सातपर्यंत आंघोळी घालणे, आठला नाश्ता देणे, बारा वाजता जेवण, दोन ते चार विश्रांती, रात्री आठला झोपवणे. हा क्रम निर्दयपणाचा पुरावा नव्हे. एका सेविकेने दहा जणांच्या आंघोळी आठच्या आत उरकावयाच्या असतील, तर तिच्या वाट्याला प्रयोजक क्रियापदेच येणार. ज्या माणसाला स्वतः सदरा घालण्यास वीस मिनिटे लागतात त्याला दोन मिनिटांत सदरा घालून देणे, हा तिचा नाइलाज असतो. रोज असे घडले की काही वर्षांनी तो माणूस सदरा घालणे विसरतो, आणि मग त्याला ते येत नाही अशी नोंद होते. असमर्थतेची नोंद आधी आणि असमर्थता नंतर, असा हा विपरीत क्रम आहे. तेव्हा भाषेतील दोष हा केवळ मनोवृत्तीचा दोष मानून चालणार नाही. सेवकांची संख्या, त्यांचे वेतन, त्यांच्या पाळ्या आणि त्यांचे प्रशिक्षण यांचा हिशेबच त्या क्रियापदांतून बोलत असतो. शब्द सुधारले आणि माणसे तेवढीच राहिली, तर संस्था सुधारली असे होत नाही.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. प्रयोजक क्रियापद स्वतः वाईट नाही. ज्याचे हात उचलत नाहीत त्याला कोणी तरी भरवलेच पाहिजे. प्रश्न असा की भरवताना त्याचे ‘जेवणे’ शिल्लक राहते का? आधी आमटी की आधी भाजी, घास केवढा, केव्हा थांबावे, कोणाच्या शेजारी बसावे, हे तो सांगू शकतो का, आणि सांगितलेले ऐकले जाते का? ज्याच्या हातात बळ नाही तोही जेवणाचा कर्ता असू शकतो; ज्याचे हात धडधाकट आहेत तोही केवळ कर्म होऊन बसलेला असू शकतो. शारीरिक परावलंबन आणि कर्तृत्वाचा लोप या दोन भिन्न गोष्टी आहेत. निकृष्ट शुश्रूषा त्या एकच मानते.

४

ही भिन्नता रहिवाशांनी स्वतः मांडल्याचे एक ठळक उदाहरण इंग्लंडमधील आहे. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिक लेनर्ड चेशायर यांनी १९४८ मध्ये हॅम्पशर परगण्यात ‘ले कोर्ट’ येथे अपंग व दीर्घकाळ आजारी माणसांसाठी निवास सुरू केला. पुढे त्यांच्या नावाच्या निवासांचे जाळे अनेक देशांत पसरले. १९५० च्या दशकातच ते मुंबईतही पोहोचले. स्नायूंच्या क्षयाने ग्रस्त असलेले पॉल हंट हे ऐन तारुण्यात ले कोर्टचे रहिवासी झाले. तेथील रहिवाशांचा व्यवस्थापनाशी जो दीर्घ झगडा झाला, त्याचे विषय पाहण्यासारखे आहेत : झोपण्याची वेळ स्वतः ठरवणे, इच्छा असल्यास मद्य घेणे, परवानगीवाचून बाहेर पडणे, स्त्रीपुरुषांनी एकमेकांना मोकळेपणाने भेटणे. यांत भुकेची, मारहाणीची किंवा अस्वच्छतेची तक्रार नाही. त्या काळच्या मापाने ले कोर्ट ही चांगलीच संस्था होती. म्हणूनच हा झगडा अर्थपूर्ण ठरतो : सुस्थितीतल्या संस्थेतही माणूस कर्म होऊन राहू शकतो, हे त्याने दाखवले.

१९६६ मध्ये हंट यांनी ‘स्टिग्मा’ या नावाने एक निबंधसंग्रह संपादित केला. त्यातील बाराही निबंध अपंग स्त्रीपुरुषांचे आहेत. वाङ्मयीन दृष्टीने हे महत्त्वाचे स्थित्यंतर होय. तोपर्यंत संस्थेतील माणूस हा इतरांच्या अहवालांचा विषय होता. येथे तो निबंधकार झाला. तत्पूर्वी अर्व्हिंग गॉफमन यांच्या ‘असायलम्स’ या ग्रंथाने (१९६१) ‘सर्वंकष संस्था’ ही संकल्पना दिली होती. झोप, काम आणि विरंगुळा या तिन्ही गोष्टी एकाच छताखाली, एकाच अधिकाराखाली, एकाच जथ्याबरोबर आणि ठरल्या वेळापत्रकाने होतात अशी ती संस्था. गॉफमन यांचे निरीक्षण तीक्ष्ण आहे. परंतु ते बाहेरून आलेल्या निरीक्षकाचे आहे. हंट आतून लिहीत होते.

या दोन स्थानांचा संघर्ष लवकरच प्रत्यक्षात आला. ले कोर्टच्या रहिवाशांच्या पुढाकारातून लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे एरिक मिलर आणि जेराल्डिन ग्विन यांनी अशा निवासांचा अभ्यास केला. त्यांचा ‘अ लाइफ अपार्ट’ हा ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी शुश्रूषेचे दोन नमुने वर्णिले. एकाला आपण ‘कोठार’ म्हणू : माणसाला सुरक्षित ठेवावे, त्याचे शारीरिक आयुष्य शक्य तितके लांबवावे. दुसऱ्याला ‘बाग’ म्हणू : प्रत्येक रोपातील सुप्त शक्ती फुलवावी. पहिल्यात परावलंबन हेच सर्वस्व होते. दुसऱ्यात अपंगत्वाचे वास्तव नाकारून सतत प्रगतीची सक्ती होते. हे विश्लेषण मार्मिक आहे आणि आजही उपयोगी पडते. पण दोन्ही रूपकांत एक साम्य आहे, ते मराठी वाचकाच्या चटकन ध्यानी येईल : कोठारातला माल आणि बागेतले रोप, दोहोंनाही बोलता येत नाही. बोलतो तो कोठावळा किंवा माळी.

त्याच ग्रंथात एक भयंकर विधान आहे. संस्थेत पाठवण्याच्या क्रियेतच समाज त्या माणसाला सामाजिक दृष्ट्या मृत ठरवतो आणि सामाजिक मृत्यूपासून शारीरिक मृत्यूपर्यंतचा प्रवास सुसह्य करणे हे संस्थेचे काम होऊन बसते, असा त्याचा आशय आहे. लेखकांना ही स्थिती दिसली. पण तिच्या मुळाशी जाण्याऐवजी त्यांनी संस्थांच्या अंतर्गत पुनर्रचनेचे उपाय सुचविले. हंट यांनी यावर केलेली कठोर टीका त्यांच्या मृत्यूनंतर (ते १९७९ मध्ये वारले) १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘परोपजीवी लोकांचा हिशेब चुकता करणे’ अशा आशयाचे तिचे शीर्षक आहे. संशोधकांनी तटस्थतेचा आव आणला. परंतु ज्यांनी त्यांना मदतीसाठी बोलावले त्यांची बाजू न घेता त्यांनी व्यवस्थेची बाजू घेतली, हा तिचा गाभा. १९७२ मध्येच हंट यांनी ‘गार्डियन’ या वृत्तपत्रात पत्र लिहून संस्थांतील अपंगांना संघटित होण्याचे आवाहन केले होते. त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेने १९७६ मध्ये अशी भूमिका मांडली की शरीरातील उणीव आणि अपंगत्व या दोन वेगळ्या गोष्टी असून, दुसरी समाजाच्या रचनेतून लादली जाते.

हंट यांची टीका सर्वस्वी न्याय्य होती काय, याविषयी मतभेद संभवतो. मिलर आणि ग्विन यांनी संस्थांतील दुःख झाकले नव्हते. तथापि तौलनिक अभ्यासकाला या प्रसंगात एक मूलभूत धडा दिसतो. एकाच घरासंबंधी दोन संहिता आहेत, एक अहवाल आणि एक साक्ष. अहवाल ‘त्यांना काय दिले जाते’ असे विचारतो. साक्ष ‘आम्हाला काय करता येते’ असे विचारते. शुश्रूषेच्या दर्जाची मोजमापे आजवर मुख्यतः पहिल्या प्रश्नावर उभारली गेली.

५

यावर एक गंभीर आक्षेप येतो. हंट बुद्धिमान होते, लिहिते होते. ज्यांना बोलता येत नाही, ज्यांची समज मर्यादित आहे, त्यांना कर्ता कसे करावयाचे? साक्ष देणार कोण?

या आक्षेपाचे एक उत्तर स्वीडनमधून आले. बौद्धिक अपंगांच्या पालकांच्या संघटनेत काम करणारे बेंग्ट निर्ये यांनी १९६९ मध्ये ‘सामान्यीकरणा’चे तत्त्व मांडले. त्यांनी बुद्ध्यंकापासून आरंभ केला नाही, दिवसापासून केला. दिवसाची सामान्य लय : धाकट्या भावंडांच्याही आधी अंथरुणात न जाणे. आठवड्याची लय : राहणे एका जागी, काम दुसऱ्या जागी, विरंगुळा तिसऱ्या जागी. वर्षाची लय : सण, सुट्टी, प्रवास. आयुष्याची लय : बालपण, तारुण्य, प्रौढपण, वार्धक्य यांना वेगवेगळी वागणूक. त्यांच्या जोडीला आवडीनिवडीचा मान, दोन्ही लिंगांच्या माणसांचा सहवास आणि स्वतःचा पैसा. ज्याला बोलता येत नाही त्याच्या दिवसालाही लय असते, आणि ती कोणाच्या सोयीने ठरली हे पाहता येते. तोंड फिरवणे, ताट सारणे, एका विशिष्ट खिडकीशी जाऊन बसणे, अमुक सेवक आला की शांत होणे, ही सारी विधानेच आहेत. त्यांना वाचक लागतो, आणि वाचक होण्यासाठी एकच माणूस दीर्घकाळ सोबत असावा लागतो. सेवक वरचेवर बदलतात त्या संस्थेत रहिवाशाची भाषा जाणणारा कोणी उरत नाही. सेवकांचे स्थैर्य हा म्हणूनच केवळ प्रशासनाचा नव्हे, तर अर्थग्रहणाचा प्रश्न ठरतो.

हे ऐकणे थांबले म्हणजे काय होते याची एक साक्ष महाराष्ट्रात आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय निवासी संस्थेतील काही बौद्धिक अपंग स्त्रियांवर पुण्याच्या शासकीय रुग्णालयात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. मासिक पाळीतील स्वच्छता त्यांना सांभाळता येत नाही, हे त्याचे मुख्य समर्थन होते. स्त्रीसंघटनांनी तीव्र विरोध केला आणि प्रकरण देशभर गाजले. संस्था मतिमंद ‘मुलीं’ची होती, शस्त्रक्रिया झाल्या त्या वयाने प्रौढ स्त्रियांवर. समर्थनाच्या त्या वाक्याचे व्याकरण तपासावे. ‘त्यांना सांभाळता येत नाही’ असे ते म्हणते. ‘त्यांना शिकवण्यास आणि मदत करण्यास आमच्याकडे पुरेशी माणसे नाहीत’ हे वाक्य त्याच्या पोटात दडलेले आहे. संस्थेची उणीव रहिवाशाच्या शरीरात शोधली गेली आणि तेथूनच कापून काढली गेली.

पंधरा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन हे प्रकरण (२००९) या संदर्भात वाचले पाहिजे. शासकीय संस्थेत राहणाऱ्या एका बौद्धिक अपंग तरुणीवर तेथेच अत्याचार झाला आणि ती गरोदर राहिली. तिने मूल हवे असे सांगितले असताही उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. बौद्धिक अपंगत्व आणि मनोविकार हे कायद्याने वेगळे मानले असून, प्रौढ बौद्धिक अपंग स्त्रीच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही, असा निर्णय दिला. निर्णयाच्या परिणामांविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु ‘तिला काय हवे आहे’ हा प्रश्न न्यायालयात विचारला गेला आणि तिच्या उत्तराला वाक्यात कर्त्याचे स्थान मिळाले, याचे मोल कमी नाही. त्याच वेळी हेही विसरता येत नाही की ज्या संस्थेने तिचे रक्षण करावयाचे, तिच्याच भिंतींच्या आत तो अत्याचार घडला होता. ‘ठेवणे’ या क्रियापदाचे किमान वचनही पाळले गेले नव्हते.

६

मराठी साहित्यात या विषयाची परंपरा शोधू गेल्यास हाती काय लागते? जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ या नाटकात एका मध्यमवर्गीय दांपत्याचा वयाने वाढलेला मतिमंद मुलगा आहे. नाटकाचा भार स्वाभाविकपणे आईवडिलांच्या ओढाताणीवर आहे. मराठी प्रेक्षकाला ‘आमच्यानंतर काय’ या प्रश्नाची धग त्याने दिली. मात्र त्या मुलाच्या बाजूने जग कसे दिसते हा नाटकाचा विषय नाही. याच्या दुसऱ्या टोकाला नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन आहे. किशोरवयात कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या या लेखिकेने १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. येथे अनुभवणारी, लिहिणारी आणि संस्था चालविणारी व्यक्ती एकच आहे. दाराची रुंदी, उताराचा चढ, शौचालयाची जागा या बाबी अशा माणसाच्या लेखी तपशील नसतात. बाहेर पडता येणे आणि न येणे यांमधील अंतर त्या ठरवतात.

परंतु सर्वांत अनपेक्षित संहिता तेराव्या शतकातील आहे. महानुभाव पंथातील म्हाइंभटांनी रचलेले गोविंदप्रभूंचे चरित्र, ज्याला ‘ऋद्धिपुरचरित्र’ असेही म्हणतात, ते मराठीतील आद्य गद्य ग्रंथांपैकी एक आहे. विदर्भातील ऋद्धिपूर येथे राहणारे गोविंदप्रभू हे लोकदृष्टीने वेडे आणि पंथीयांच्या दृष्टीने ईश्वरावतार. चक्रधरांच्या प्रयाणानंतर त्यांचे शिष्य गोविंदप्रभूंच्या सेवेसाठी ऋद्धिपुरास येऊन राहिले. त्या सेवेत नित्याच्या, घरगुती गोष्टींना मोठे स्थान आहे : त्यांचे खाणेपिणे, त्यांचे हिंडणे, त्यांचे रुसणे, त्यांचे अकल्पित हट्ट. चरित्रकार या प्रत्येकाची लीळा म्हणून नोंद करतो.

भक्तीतील वेड आणि आधुनिक अर्थाचे बौद्धिक अपंगत्व यांचे समीकरण मांडणे अशास्त्रीय होईल. तसा येथे हेतू नाही. पंथीयांच्या आदराचे कारण गोविंदप्रभूंचे ईश्वरत्व होते, त्यांची माणूसपणाची प्रतिष्ठा नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. तरीही गद्याचा नमुना म्हणून या ग्रंथाकडे पाहावे. ज्याचे वर्तन सेवकांना आधी कळत नाही असा माणूस येथे वाक्यामागून वाक्यात कर्ता आहे. त्याचा उल्लेख ‘गोसावी’, ‘राऊळ’ अशा आदरार्थी शब्दांनी होतो. बदलतात ते सेवक. त्यांना आपला बेत, आपली वेळ, आपले शहाणपण बाजूला ठेवावे लागते. न कळणारे वर्तन निरर्थक आहे असे न मानता ते अर्थपूर्ण असून आपल्याला अजून कळलेले नाही, असे हे गद्य धरून चालते. शुश्रूषेचा मूळ अर्थ, ऐकण्याची इच्छा, मराठी गद्याने आपल्या उदयकाळीच अशा रीतीने आचरून दाखविला होता. तेव्हा बोलू न शकणाऱ्याची साक्ष लिहावयाची कशी, हा प्रश्न आपल्या भाषेला नवा नाही. ईश्वरत्वाची अट काढून घेऊन तीच वाचनपद्धती सामान्य रहिवाशाला लावणे, एवढेच काम उरते. आणि ते लहान नाही.

७

आता व्यवहाराकडे वळू. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंगहक्क करारातील १९ वे कलम समाजात स्वतंत्रपणे राहण्याचा हक्क सांगते. भारताने २००७ मध्ये तो करार अनुसमर्थित केला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक व बहुविध अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठी स्थानिक समितीमार्फत पालक नेमण्याची तरतूद केली. २०१६ च्या अधिनियमाने अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क दिला, विशिष्ट निवासव्यवस्थेतच राहण्याची सक्ती होऊ नये यासाठी शासनाने प्रयत्न करावा असे म्हटले, संस्थांना नोंदणी आवश्यक केली, आणि व्यक्तीशी विचारविनिमय करून निर्णय घेणाऱ्या ‘मर्यादित पालकत्वा’ची कल्पना आणली. कायद्याचे क्रियापद ‘राहणे’ आहे. व्यवहाराचे अजून पुष्कळ ठिकाणी ‘ठेवणे’ आहे. या दोहोंतील अंतर मोजण्यासाठी संस्थेचे कागद पुढील रीतीने वाचता येतील.

दिनक्रमाच्या फलकावर रहिवाशाने स्वतः ठरविलेली एक तरी वेळ आहे काय? रविवार इतर वारांपेक्षा वेगळा आहे काय? व्यक्तिगत नोंदवहीत ‘सहकार्य करीत नाही’, ‘त्रास देतो’ अशा शेऱ्यांपुढे कारणाचा शोध घेणारे वाक्य येते, की शेऱ्यावरच नोंद संपते? तक्रारवही कोरी असेल तर ते समाधानाचे लक्षण समजावे की भीतीचे? जेथे माणसे राहतात तेथे कुरकुर असतेच. पूर्ण शांतता शंकास्पद होय. वार्षिक अहवालात देणगीदारांची नावे किती आणि रहिवाशांचे शब्द किती? छायाचित्रात रहिवासी काही करताना दिसतो, की केवळ काही स्वीकारताना? त्याच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते? रहिवाशाचा मृत्यू झाल्यास अहवालात त्याच्याविषयी एखादे असे वाक्य लिहिले जाते का, जे दुसऱ्या कोणाविषयी लिहिता आले नसते?

यांतील कोणत्याही प्रश्नासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही, असे म्हणणे मात्र खरे होणार नाही. ज्याला वीस मिनिटे लागतात त्याला वीस मिनिटे देणे म्हणजे कोणाची तरी वीस मिनिटे विकत घेणे होय, आणि ती पुरेशा वेतनाने घेतली पाहिजेत. शुश्रूषेचा दर्जा अखेर वेळेच्या वाटपावर येऊन ठेपतो.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांना येथे एक कार्यक्षेत्र खुले आहे. प्रत्येक भाषेत ‘ठेवणे’ आणि ‘राहणे’ यांच्या जोड्या असतील, प्रयोजकाची आपली रीत असेल, मोठ्या माणसाला लहान करणारी संबोधने असतील; आणि कदाचित ऋद्धिपुरासारखी, सेवेला ऐकणे मानणारी एखादी जुनी संहिताही असेल. त्यांचा तौलनिक शोध घेतला जावा. रहिवाशांच्या साक्षी, बोललेल्या, खुणांनी सांगितलेल्या, दुसऱ्याच्या हाताने लिहिलेल्या, त्या त्या भाषेत गोळा होऊन त्यांना वाङ्मयाचा दर्जा मिळावा. ‘आमच्यानंतर याचे काय’ असे विचारणाऱ्या आईवडिलांना अभ्यासक आसरा देऊ शकत नाही. पण संस्थेच्या दारात उभे असताना कोणते वाक्य कान देऊन ऐकावे, एवढे तो त्यांना निश्चित सांगू शकतो : येथे तुमच्या मुलाला काय काय दिले जाईल, हे ऐकून घ्यावे, आणि मग, तो येथे काय काय करील, असे विचारून उत्तराची वाट पाहावी.